रेडिएटर केवढा घ्यायचा? एका मे महिन्याचा हिशेब

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आम्ही फायनल इयरवाले होस्टेल सोडून गेलेलो असू. जाताना आमच्या खोलीतला वॉटर-कूल्ड कॉम्प्युटर आम्ही डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये ठेवून चाललोय. तो ज्याच्या हाती येईल त्याला उपयोगी पडावं, आणि ज्यांना स्वतः असं काही बनवायची हौस आहे त्यांचे पैसे वाचावेत, म्हणून हा लेख. लेखात थोडी गणितं आहेत. घाबरू नका, सेकंड इयरच्या थर्मोच्या पुढचं काही नाही.

गोष्ट मे महिन्यातली. गारखेड्यातलं आपलं होस्टेल तुम्हाला माहीत आहेच. आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो. बाहेर सूतगिरणी चौकात लोक गार वाऱ्याला फिरत असतात तेव्हाही आमच्या खोलीत छत्तीस अंश. त्या रात्री दीडच्या सुमारास पार्टनरनं मला हलवून उठवलं. "अबे ऊठ, मशीनमधून काही तरी गळायलंय."

आमचं प्रोजेक्ट होतं कांदाचाळीतल्या हवेच्या प्रवाहाचं. चाळीच्या खालून हवा कशी शिरते, ढिगाच्या मधल्या कांद्यापर्यंत ती पोचते का, फळ्यांमधलं अंतर बदललं तर काय फरक पडतो, हे कॉम्प्युटरवर सोडवायचं होतं. एका रनला दहा-अकरा तास लागायचे. लॅबच्या मशीनवर तो तीन दिवस चालला असता, म्हणून पार्टनरचं ग्राफिक्स कार्ड कामाला लावलं. दोन वर्षं शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन त्यानं ते सेकंडहँड घेतलं होतं. जानेवारीत आम्ही त्याला आणि प्रोसेसरला मिळून पाण्याचं कूलिंग बसवलं. रेडिएटर केवढा घ्यायचा हा प्रश्न निघाला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "दोनशेचाळीस बास होतो."

तो बास झाला नाही. पाइप जोडाजवळ मऊ पडून किंचित बसला, जोडातल्या रबरी रिंगची पकड सुटली आणि पाणी थेंबथेंब मदरबोर्डवर उतरलं. आम्ही आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग कॅबिनेट उघडलं. कार्ड वाचलं. मदरबोर्ड गेला. सबमिशनला नऊ दिवस होते.

पार्टनर मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी मेसमध्ये वही घेऊन बसलो आणि जो हिशेब जानेवारीत करायला हवा होता तो केला. तोच इथे देतोय.

पाणी उष्णता संपवत नाही

पहिली चूक माझ्या डोक्यातल्या चित्रातच होती. मला वाटायचं, पाणी म्हणजे गार. म्हणजे पाणी लावलं की मशीन गार. प्रत्यक्षात पाणी हा फक्त हमाल आहे. चिपवरची उष्णता उचलून ते रेडिएटरपर्यंत नेतं. तिथे ती उष्णता शेवटी खोलीतल्या हवेलाच द्यावी लागते. हवा चाळीस अंश असेल तर पाणी चाळीसच्या खाली कधीच जाणार नाही, मग रेडिएटर केवढाही लावा.

आपल्या शहरात पाण्यानं गारवा मिळवण्याचा एक जुना नमुना आहे. पाणचक्कीला आपण सगळे पाहुण्यांना घेऊन जातो. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, आणि भर उन्हाळ्यात त्या दालनात गार वाटतं. पण तिथे डोंगरातल्या उगमापासून खापराच्या नळांतून सतत नवं पाणी येत राहतं आणि उष्णता घेऊन पुढे निघून जातं. शिवाय हौदाच्या उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवनही होतं. आपल्या कॉम्प्युटरमध्ये तेच लिटरभर पाणी गोल गोल फिरतं. त्याच्यातली उष्णता बाहेर काढायला रेडिएटरशिवाय दुसरी वाट नाही.

पहिला आकडा: वॅट किती?

कॉम्प्युटर घेतो ती जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. आमचा प्रोसेसर रायझेन ९ ५९००एक्स. डब्यावर १०५ वॅट लिहिलेलं असतं, पण मूळ सेटिंगवर तो पूर्ण लोडखाली १४२ वॅटपर्यंत घेतो. ही पहिली मेख, डब्यावरचा आकडा धरू नका. कार्ड आरटीएक्स ३०७०, त्याचे २२० वॅट. पंपाची वीजही शेवटी पाण्यातच जाते, ते १३ वॅट. एकूण ३७५ वॅट.

दुसरा आकडा: पाणी किती तापतं?

इथे थर्मोतलं पहिलं समीकरण: उष्णता म्हणजे वस्तुमान-प्रवाह गुणिले विशिष्ट उष्मा गुणिले तापमानातला फरक. पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवतो असं धरा. म्हणजे सेकंदाला ०.०६७ किलो. पाण्याचा विशिष्ट उष्मा ४१८६. गुणाकार येतो अंशाला २८० वॅट. ३७५ ला २८० नं भागा, उत्तर १.३ अंश.

म्हणजे चिपकडून येणारं पाणी आणि रेडिएटरमधून निघणारं पाणी यांत सव्वा-दीड अंशाचाच फरक. यातून दोन गोष्टी कळतात. एक, आधी प्रोसेसर की आधी कार्ड, यावर आम्ही जानेवारीत दोन तास भांडलो ते फुकट. पाइप जवळच्या मार्गानं लावा, क्रम कसाही असू द्या. दोन, अजून जोरदार पंप लावून काही साधत नाही. अडचण पाण्याच्या बाजूला नाहीच.

तिसरा आकडा: हवा किती?

अडचण हवेच्या बाजूला आहे. १२० मिलिमीटरचा साधा पंखा कागदावर मिनिटाला साठ घनफूट हवा देतो, पण रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून ढकलताना ती निम्म्यावर येते. आमचे पंखे मी १३०० फेऱ्यांवर बांधून ठेवले होते, पार्टनरची झोपमोड नको म्हणून. पंख्याला तीस घनफूट धरले, म्हणजे सेकंदाला ०.०१४ घनमीटर. दोन पंख्यांचे ०.०२८.

आता हवेचं वजन. पुस्तकात आपण घनमीटरला १.२ किलो घेतो. पण ते समुद्रसपाटीला आणि वीस अंशांना. आपलं शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंच, आणि मे महिन्यात हवा चाळिशीला टेकलेली. तेव्हा घनमीटरभर हवा जेमतेम १.०५ किलो भरते. म्हणजे त्याच पंख्यातून, तेवढ्याच फेऱ्यांत, बारा टक्के कमी हवा जाते. इतरांनी दिलेले आकडे इथे जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, त्याचं हे एक कारण.

०.०२८ गुणिले १.०५ गुणिले १००५: अंशाला सुमारे ३० वॅट. ३७५ ला ३० नं भागा, साडेबारा अंश. म्हणजे रेडिएटर अगदी आदर्श असता तरी दोन पंख्यांची हवा साडेबारा अंश तापूनच बाहेर पडणार, आणि पाणी त्याहून गार राहणार नाही. खरा रेडिएटर आदर्श नसतो, त्यामुळे पाणी याच्या बरंच वर जातं. किती वर, ते मोजूनच कळतं.

चौथा आकडा: रेडिएटरचा खरा माप

रेडिएटर २४०, २८०, ३६० अशा नावांनी मिळतात. २४० म्हणजे १२० चे दोन पंखे, २८० म्हणजे १४० चे दोन, ३६० म्हणजे १२० चे तीन. क्षेत्रफळ काढा: २४० चं २८८ चौरस सेंटिमीटर, २८० चं ३९२, ३६० चं ४३२. म्हणजे २८० हा २४० चा थोरला भाऊ नसून जवळजवळ ३६० चाच धाकटा भाऊ आहे. कॅबिनेटमध्ये ३६० मावत नसेल तर २४० वर उतरण्याआधी २८० बसतो का ते बघा.

पण खरा माप सेंटिमीटरमध्ये नाही. तो आहे अंशाला किती वॅट. पाणी आणि आत येणारी हवा यांत एक अंश फरक असताना रेडिएटर किती वॅट बाहेर टाकतो, तो आकडा. जाणकारांचा एक ठोकताळा आहे: मध्यम वेगाच्या पंख्याला, दहा अंश फरकाला, १२० च्या एका घरामागे शंभर वॅट. मंद पंख्यांना हा ठोकताळा उदार आहे.

आम्ही आमचा आकडा मोजला. मदरबोर्ड बदलल्यावर, मऊ रबरी पाइप लावून, लॅबमधून काकांच्या मिनतवाऱ्या करून दोन थर्मोकपल आणले. एक पाण्यात, एक रेडिएटरच्या तोंडाशी हवेत. पूर्ण लोड टाकायची हिंमत नव्हती, म्हणून फक्त कार्डाला कामाला लावलं. कार्ड, पंप आणि जवळजवळ मोकळा प्रोसेसर मिळून २५० वॅट. पंखे तेच १३०० वर. पाऊण तासानं फरक १८ अंशांवर स्थिर झाला. २५० भागिले १८, म्हणजे अंशाला १४ वॅट. घरामागे सात.

हा आकडा हाती आला की बाकीचं सोपं. पूर्ण लोड ३७५ वॅट, भागिले १४: फरक २७ अंश.

जानेवारीत पास, मे महिन्यात नापास

आता बघा काय झालं होतं. जानेवारीत खोलीत २१ अंश. आमचा रेडिएटर कॅबिनेटच्या छताला, हवा बाहेर फेकणारा, त्यामुळे त्याला कॅबिनेटमधली आधीच तापलेली हवा मिळायची, तीनेक अंश जास्त. २१ अधिक ३ अधिक २७, पाणी ५१ अंश. प्रोसेसर त्याच्या वर पंचवीसेक अंश, म्हणजे ७६-७७. स्क्रीनवर तो आकडा बघून आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या होत्या. पाण्याचं तापमान बघायला सेन्सरच लावला नव्हता.

मे महिन्यात खोलीत ३६. तेच ३, तेच २७. पाणी ६६. आमच्या पंपाच्या कागदावर कमाल मर्यादा ६० अंश लिहिलेली आहे, आणि आमच्या कडक पारदर्शक पाइपलाही साठच्या वर नेऊ नका असंच सांगितलेलं असतं. प्रोसेसर नव्वदला पोचून स्वतःचा वेग कमी करत होता, त्यामुळे पाणी कदाचित दोन-तीन अंशांनी कमी राहिलं असेल. तरी मर्यादेच्या वरच. रोज रात्री दहा तास, असं जवळजवळ दोन आठवडे.

रेडिएटर तुम्हाला तापमान देत नाही, फरक देतो. खोलीचं तापमान त्यात तुम्ही घालायचं असतं. ही एक ओळ मला जानेवारीत कळली असती तर मदरबोर्डाचे पैसे वाचले असते.

गळती तपासायची चाचणीही आम्ही केली होती बरं का. नुसता पंप चालू ठेवून, जोडांखाली टिश्यूपेपर लावून, चोवीस तास. एक थेंब आला नाही. पण ती चाचणी गार पाण्यावर झाली. गरम पाण्यावर काय होतं ते तिनं सांगितलंच नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

आणखी एक चूक सांगतो. जानेवारीत लोड-टेस्ट आम्ही पाच मिनिटं केली. लिटरभर पाणी आणि किलो-दोन किलो तांबं तापायला अंशाला सुमारे ५००० जूल लागतात. भागिले १४, म्हणजे साडेतीनशे सेकंद, सहा मिनिटं. सेकंड इयरला शिकलेला टाइम कॉन्स्टंट तो हाच. तापमान स्थिर व्हायला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. पाच मिनिटांत पाणी निम्म्याहून थोडंच जास्त चढलेलं असतं. निदान पाऊण तास थांबा. तेवढ्यात खोलीही तापते, कारण हे ३७५ वॅट खोलीतच सोडले जातात. बंद खोलीत रात्रभर छोटा हीटर लावून झोपण्यासारखंच ते.

मोंढ्यातला सल्ला

दरम्यान मला एक शॉर्टकट सुचला होता. रविवारी जाफर गेटच्या बाजारात जुने गाडीचे रेडिएटर दिसतात. एक घेऊन लावला तर? ही कल्पना काही वेडेपणाची नाही. दोन हजार सालाच्या आसपास, तयार सामान मिळत नव्हतं तेव्हा, परदेशातले हौशी लोक जुन्या गाड्यांचे हीटर-कोअर काढून कॉम्प्युटरला लावायचे.

मोंढ्याजवळ रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका चाचांना मी विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी कित्ता गरम होता तुम्हारा?" म्हटलं, पन्नास-साठ. ते हसले. "गाडी में नब्बे रहता, भाई. साठ में तो गाडी ठंडी है."

मुद्दा बरोबर होता. गाडीत पाणी नव्वदच्या आसपास आणि हवा चाळीस, फरक पन्नास अंशांचा. शिवाय धावत्या गाडीचा वारा. म्हणून तेवढा रेडिएटर गाडीला पुरतो. आपल्याकडे फरक दहा-पंधराचाच परवडतो, त्यामुळे वॅटच्या मानानं आपला रेडिएटर मोठाच लागतो. आणि बाजारातले बहुतेक नवे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे. आपले चिपवरचे ब्लॉक तांब्याचे. एकाच पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम खात जातं. केमिस्ट्रीच्या पहिल्या सेमिस्टरला हे आपण पाठ केलेलं असतं. चाचांनी पैसे न घेता एवढं शिकवलं, वर चहा पाजला.

पाण्याचंही सांगून टाकतो. नळाला पाणी कधी येईल याचा हिशेब ठेवणारं आपलं शहर, त्यामुळे होस्टेलला बऱ्याचदा बोअरचं पाणी. बादलीच्या काठावरचा पांढरा थर बघा. तोच थर ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो. डिस्टिल्ड पाणीच घाला, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं द्रव्य मिसळा, आणि वर्षातून एकदा बदला.

पुण्यातली मोठी मशीनं

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आपल्या राज्यात सोडवला गेलाय. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला, हे आपल्याला भाषणांतून माहीत असतं. त्याच मालिकेतला परम ब्रह्म २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरमध्ये बसला. त्यात चिपवर थेट ब्लॉक बसवून द्रवानं उष्णता काढण्याची पद्धत आहे. त्याही आधी, १९८५ च्या अमेरिकन क्रे-२ मध्ये तर सगळे बोर्ड वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवले होते. आकार बदलला तरी शेवट एकच. द्रवातली उष्णता कुठे तरी बाहेरच्या हवेला द्यावी लागते, आणि तो भाग गावातल्या सगळ्यात गरम दिवसावर बेतावा लागतो, जानेवारीवर नाही.

नऊ दिवसांतला उपाय

आता आमचं काय झालं ते. दोन रस्ते होते. पुढच्या बाजूला नवा ३६० लावायचा आणि वरचा २४० ठेवायचा. पाच घरं गुणिले सात, अंशाला ३५ वॅट. ३७५ भागिले ३५, फरक अकरा अंशांच्या आत. खोलीत ४० असले तरी पाणी ५१. उत्तम. पण त्याला एका महिन्याच्या मेसच्या दुप्पट पैसे लागत होते, आणि कुरियरला आठ-दहा दिवस. मदरबोर्डात माझी इंटर्नशिपची शिल्लक संपलेली.

दुसरा रस्ता फुकटचा होता आणि तो मला शेवटी सुचला, याची आजही लाज वाटते. भागाकारात खालचा आकडा वाढवता येत नसेल तर वरचा कमी करा.

प्रोसेसरचा इको मोड लावला, १४२ चे ८८ वॅट झाले. कार्डाची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर आणली, २२० चे १७६. पंपासकट २७७ वॅट. मग पंखे १३०० वरून १८०० वर नेले आणि पुन्हा मोजलं: अंशाला १४ ऐवजी १९ वॅट. २७७ भागिले १९, फरक साडेचौदा अंश. कॅबिनेटची बाजूची झाकण-पट्टी काढून ठेवली, त्यामुळे वरचे ते ३ अंशही गेले. खोली ३६, पाणी साडेपन्नास.

६६ चे साडेपन्नास, एक रुपया न घालता. बदल्यात रन अकरा तासांऐवजी साडेबारा तास चालला आणि पंख्यांचा आवाज गिरणीसारखा. पार्टनर शेजारच्या खोलीत गादी घेऊन झोपायला गेला. मी पहिल्या रात्री दर तासाला उठून पाण्याचं तापमान वहीत लिहिलं. एकावन्नच्या वर ते गेलं नाही. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा रन संपला. मधल्या फळीखाली हवा पोचत नव्हती, तिथे फट वाढवल्यावर ती पोचली, हे ग्राफमध्ये स्वच्छ दिसलं. सरांनी व्हायव्हात नेमकं तेच विचारलं.

कूलरचा विचारही झाला होता. वॉर्डन सरांनी परवानगीही दिली. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर खोली सात-आठ अंशांनी खाली आणतो, आणि पाण्याचं तापमानही तेवढंच उतरतं. पण लाईट गेली की इन्व्हर्टरवर मशीन चालू राहतं, कूलर बंद पडतो. आणि पावसाळी दमट हवेत कूलर नुसता वारा देतो. शिवाय त्याचे तुषार मशीनवर नकोत. म्हणून कूलर माणसांसाठी ठेवा. रेडिएटरचा हिशेब कूलर नाही असं धरूनच करा.

तुम्ही करायचा हिशेब

ज्यांना नुसती कृती हवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. पाण्याला जोडलेल्या भागांचे पूर्ण लोडचे वॅट जोडा. डब्यावरचे नाही, प्रत्यक्षातले. पंप विसरू नका.

२. तुमच्या खोलीत मे महिन्यात दुपारी किती असतं ते थर्मामीटर लावून बघा. वरच्या मजल्याला ४० धरा.

३. पाणी जास्तीत जास्त ५२-५३ असावं असं ठरवा. पंपाची मर्यादा ६० असली तरी कडेला जाऊन उभं राहू नका. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचे हातचे अंश. इथे ते बारा-तेराच उरतात. थंड हवेच्या गावात हेच वीस-पंचवीस असतात.

४. वॅट भागिले अंश. येईल त्याला सातनं भागा. तेवढी १२० ची घरं लागतील. अपूर्णांक आला तर वर जा. १४० चं एक घर म्हणजे १२० ची साधारण सव्वा घरं.

५. रेडिएटर शक्यतो पुढे लावा, बाहेरची ताजी हवा आत ओढणारा. जाड रेडिएटर घेण्याआधी विचार करा. त्याच्यातून हवा ढकलायला वेगवान पंखे लागतात. मंद पंख्यांना पातळ पण लांबरुंद रेडिएटर बरा.

६. फार दाट पत्र्यांचा घेऊ नका. उन्हाळ्यात आपल्याकडे धूळ किती ते खिडकीच्या गजावर बोट फिरवून बघा. पुढे जाळी लावा, महिन्यातून एकदा ब्रश मारा.

७. पाण्याचा तापमान-सेन्सर लावा. तो जोडाच्या किमतीत मिळतो. ५५ ला मशीन आपोआप बंद होईल असं सेटिंग करा. हे एक केलं असतं तर आमचा मदरबोर्ड आज जिवंत असता.

८. गळतीची चाचणी गरम पाण्यावरही करा.

आणि या सगळ्याच्या आधी स्वतःला एक विचारा: पाण्याची गरज आहे का? चांगला हवेचा कूलर १४२ वॅट आरामात सांभाळतो, आणि तो गळत नाही. आम्हाला पाणी हवं होतं ते निम्मं आवाजासाठी आणि निम्मं, खरं सांगायचं तर, दिसायला भारी म्हणून.

पार्टनरशी शेवटी बोलणं झालं. निकालाच्या दिवशी क्रीडा संकुलाबाहेर चहा घेताना तो म्हणाला, "तू बास म्हणालास म्हणून मी पण मोजलं नाही. मी पण इंजिनिअरच हाय ना?" त्यानं कार्ड लॅबला देऊन टाकलं. ३६० आम्ही दोघांनी पहिल्या पगारातून पाठवायचा ठरवलाय. तोपर्यंत कॅबिनेटच्या दारावर आतल्या बाजूनं एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय: २४० रेडिएटर, पंखे १३०० ला अंशाला १४ वॅट, १८०० ला १९. मर्यादा काढून मे महिन्यात पूर्ण लोड टाकू नये. नवा रेडिएटर बसवला की ज्यूनिअर्सनी पुन्हा मोजून तो कागद बदलायचा आहे. थर्मोकपल काकांकडे आहेत, सही करून घ्या आणि वेळेवर परत करा.